दहा दिवसांची पाहुणी

आमच्या सरहद्दीवरच्या उंगेन गावात रेल्वेची चाकं बदलतात. इकडचे रूळ रुंद, प्रुत नदीपलीकडचे अरुंद. म्हणून बुखारेस्टला जाणारा डबा माणसांसकट वर उचलायचा, खालची चाकं काढून दुसरी घालायची आणि मग पलीकडे सोडायचा. आमचे शेजारी तुदोरदादा एकतीस वर्षं हेच करत होते. अर्धं गाव त्यांनी युरोपात पाठवलं, स्वतः मात्र नदी कधी ओलांडली नाही.

एकोणीसशे नव्याण्णवमध्ये त्यांची बायको अग्लाया इटलीला निघाली, एका म्हातारीला सांभाळायला. निघण्याआधी रीतीप्रमाणे आम्ही सगळे तिच्या सामानावर क्षणभर गप्प बसलो. दादा नव्हते, त्यांची कामाची पाळी होती. तिचा डबा त्यांनीच उचलला. मी तिला निरोप द्यायला गेले होते.

"लग्नात उचललं नाही म्हणून कुरकुरायचीस ना? घे!" ते खालून ओरडले.

"सावकाश ठेव रे, मुरंब्याच्या बरण्या आहेत!"

"चाकं मी घातलीत, मीच काढणार. याच गाडीनं परत ये."

"वर्षभरात येते."

पण तिच्याकडे तिथं राहायचे कागद नव्हते. एकदा बाहेर पडली असती तर पुन्हा आत शिरता आलं नसतं. एका वर्षाची आठ वर्षं झाली. कागद मिळाले तोवर विमानं स्वस्त झाली होती. तिचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच अंगणात होते. दहा दिवस रजा मिळतेय, विमानानं अडीच तासांत पोचते, म्हणत होती.

"विमानानं येणारी परतीचं तिकीट घेऊनच येते," दादा म्हणाले. "मला दहा दिवसांची पाहुणी नको. कायमची यायचं असेल तेव्हा ये. गाडीनं."

"बैलोबा आहेस नुसता!" तिचा आवाज मलाही ऐकू आला. ती हसत होती, की तसं दाखवत होती, कोण जाणे.

सात वर्षं असंच चाललं. ती दरवर्षी विचारायची, हे नको म्हणायचे आणि मग आठवडाभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. शेवटी ती म्हातारी वारली. अग्लायानं ऑक्टोबरचं रेल्वेचं तिकीट काढलं. दादांनी फाटकाला निळा रंग दिला. सप्टेंबरमध्ये तिचं हृदय थांबलं.

ती सडकेनं आली, लोकांच्या सामानाची ने-आण करणाऱ्या गाडीतून, पेटीत. त्या गाडीची चाकं बदलावी लागत नाहीत.

गेल्या महिन्यात डब्लिनहून माझ्या सांदाचा फोन आला. "आई, सहाच दिवस सुट्टी आहे. एवढ्यासाठी येऊ का?"

ती तिकडे गेल्यापासून माझा जीव टांगणीला लागलेला असतो. तरी रुसून म्हणाले, "नुसतं तोंड दाखवून पळणार असशील तर राहू दे. नाताळात ये निवांत."

कुंपणापलीकडे दादा द्राक्षवेल बांधत होते. दोरी तशीच टाकून ते आत आले.

"ल्युबा, लाव परत फोन."

"अहो, पण सहा दिवसांत काय होतंय?"

"तुला सहा कमी वाटतात? मी सत्तर घालवले."

मी फोन लावला.

सांदा गुरुवारी येतेय. दादा विमानतळावर येतो म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कशाला उगाच ताटकळता?

"अग्लाया ज्यांवरून आली असती," ते म्हणाले, "ती चाकं एकदा बघायचीत."