काय बोललं नाय म्हणजे झालं

गप्पपणावर माझ्या साडूंइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात शोधून सापडायचा नाही. हा विश्वास त्यांना नोकरीने दिला. ज्या गिरणीत त्यांचे वडील कापड विणायला साच्यावर उभे राहिले, तिच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिथे बसून साडू लोकांची ॲप्लिकेशन्स सांभाळतात. ती ॲप्लिकेशन्स असतात क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी परमुलखातल्या, भाड्याने घेतलेल्या मशीनवर. ते मशीन साडूंनी जन्मात पाहिलेलं नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं, की तिकडे ॲप्लिकेशन उठतं, बसतं, झोपी जातं. थोरले जावई नक्की करतात काय, असं सासऱ्यांनी एकदा विचारलं, तेव्हा साडू म्हणाले, लांबच्या भाड्याच्या खोल्या सांभाळतो. सासरे पुढे कित्येक दिवस त्यांना पागडीच्या व्यवहारातले समजत होते. तर या काळ्या पडद्याचा एक नियम आहे. काही चुकलं तरच तो बोलतो. काम नीट झालं तर एक शब्द नाही, नुसती पुढची कोरी ओळ. साडू त्या कोऱ्या ओळीकडे समाधानाने बघत आणि म्हणत, "काय बोललं नाय म्हणजे झालं."

माऊसला ते शिवत नसत. बोट दाखवून वस्तू मागायला आपण काय तान्हं बाळ आहोत, असं त्यांचं म्हणणं. पुतणीच्या साखरपुड्यात तिचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचं काम कुणीतरी भाबडेपणाने त्यांच्याकडे दिलं. त्यांनी एकेका फोटोचं नाव टाइप करून तो पडद्यावर आणायला सुरुवात केली. नवरी रांगायला लागेपर्यंत पहिली पंगत उठली होती. गणपतीत खालच्या रस्त्यावर दर्शनाची रांग हलेनाशी झाली, की ते गॅलरीत उभे राहून हळहळत. आमच्याकडे गर्दी वाढली की मी एक ओळ टाकतो आणि एका ॲप्लिकेशनची चार होतात, इथे मूर्ती एकच ठेवलीय तर रांग लागणारच, हे त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना चक्क समजावून सांगितलं. अध्यक्षांनी त्यांना प्रसाद देऊन वाटेला लावलं.

हाच नियम त्यांनी घरात लावला. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. ती मुळातच कमी बोलणारी. आमटीत मीठ आहे का, हे ताईने कधी विचारलं नाही आणि साडूंनी कधी सांगितलं नाही. ताई रुसली की आठवडाभर अबोला धरायची. तो आठवडा साडू संसारातला सर्वांत सुरळीत आठवडा समजायचे. त्यांचं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? बायकोला त्यांनी कधी गजरा आणला नाही, पण एक ॲप्लिकेशन करून दिलं. ताई दर उन्हाळ्यात मिरच्या भाजून, डंकावर कुटून आणून मालवणी मसाला विकायची. गिऱ्हाइकांनी मागणी नोंदवली की ती थेट तिच्या फोनवर यायची. त्याला त्यांनी ताईचंच नाव दिलं होतं. एरवी ते तिला आयुष्यभर 'अगं' म्हणत आले.

एका उन्हाळ्यात ताई मिरच्या भाजताना मधेच पोटावर हात दाबून थांबू लागली. साडूंनी ते पाहिलं होतं. पण ती काही बोलली नाही, आणि मसाल्याचे दिवस म्हणून दुखणं अंगावर काढत राहिली. बोलली तेव्हा उशीर झाला होता. इतके दिवस यांनी काहीच सांगितलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो. साडू म्हणाले, "ती काय बोलली नाय, म्हणून मला वाटलं..." गणपती यायच्या आधी ताई गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मसाल्याच्या मागण्या पुन्हा येऊ लागल्या. लोकांना कुठे ठाऊक होतं? मागणी नोंदवणाऱ्या प्रत्येकाला साडू फोन करून नाही म्हणून सांगत आणि दिवसभर जेवत नसत. शेवटी माझी बायकोच म्हणाली, "भावोजी, आता ते बंद करा." एका रविवारी दुपारी त्यांनी मला सोबतीला बोलावलं. खाली गल्लीत मिरच्या कुटल्या जात होत्या आणि ठसका वरपर्यंत येत होता. त्यांनी ओळ टाकली. कुणी चुकून काही पुसू नये म्हणून मशीन अशा वेळी ॲप्लिकेशनचं पूर्ण नाव पुन्हा टाइप करायला लावतं. दहा बोटांनी वाऱ्यासारखं टाइप करणाऱ्या या माणसाने ताईचं नाव एका बोटाने, अक्षर अक्षर करत लिहिलं. बराच वेळ थांबून एंटर दाबलं. खाली कोरी ओळ आली.

"झालं?" मी विचारलं.

"काय बोललं नाय," ते म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मग कुठली कुठली ॲप्लिकेशन्स चालू आहेत, ते त्यांनी मशीनला विचारलं. यादी वाचली. पुन्हा विचारलं, पुन्हा वाचली. त्या यादीत ताई नव्हती.

आता रोज संध्याकाळी आमच्या वडाळ्याच्या घरी त्यांचा फोन येतो. बरी आहेस ना, म्हणून माझ्या बायकोला विचारतात. ती हो म्हणाली, की "नक्की?" म्हणून पुन्हा विचारतात. एकदा तिला झोप लागली आणि फोन वाजत राहिला, तर हे टॅक्सी करून धापा टाकत दारात हजर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तेव्हापासून ती त्यांना गुडघा, पित्त, सगळं सांगते. दुखत नसलं तरी थोडं सांगते. परवा मात्र ती कंटाळली होती. आज खरंच काही सांगण्यासारखं नाही हो, असं म्हणाली.

"नसलं तरी बोल गं," ते म्हणाले. "गप्प नको राहूस."

मग बायकोने खुर्ची ओढून घेतली आणि त्या दिवशी भाजी काय केली, ती कशी केली, ते त्यांना पहिल्यापासून सांगितलं.