झाडावर थांबवलेली मोसंबी

बाबांना शेवटी शेवटी एकच गोष्ट हवी होती, आपल्या बागेतल्या मोसंबीचा रस. बाकी काही घशाखाली उतरतच नव्हतं. अन्ननलिकेचा कॅन्सर. जालन्याच्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या, मागतील ते द्या," म्हणून आम्हाला वाटेला लावलं. मागतील ते द्या, असं सांगायला काय जातं? माणूस मागतो ते डोळ्यांसमोर झाडाला लटकलेलं असतं आणि तरी देता येत नाही, अशीही घरं असतात. आमचं तसलंच.

मी देऊळगाव राजाला शाळेत शिकवते. माहेर दुसरबीडच्या अलीकडे, शेतातच घर आणि घराला लागून बाग. झाडं बाबांनी लावलेली, पण ते आजारी पडल्यापासून सगळं धाकट्या भावाच्या हातात आलं. भाऊ बोलायला गरीब आणि करायला हट्टी. बापावरच गेलाय.

आमच्या घरात एक नेम आहे. ज्या दिवशी बागेची तोड लागते, त्या दिवशी पहिली टोपली देऊळगावच्या बालाजीला जाते. तोवर घरातल्या कुणी मोसंबीला सुरी लावायची नाही. झाडाखाली गळून पडलेलं फळसुद्धा आम्ही लहानपणी चाखलं नाही, कारण बाबांचा हात जड होता. व्यापारी सौद्याला आला तरी त्यानं फळ दाबून पाहायचं, वास घ्यायचा, पण कापायचं नाही. ज्याला हे पटत नसे त्याला बाबा चहा पाजून रवाना करत.

बाबांच्या या शेवटच्या सालाआधीचे दोन हंगाम बाग नुसती गळली होती. भादव्यात झाडाखाली हिरवा-पिवळा सडा. बाबा खाटेवरून ते बघत पडून राहायचे आणि भाऊ त्यांच्या नजरेसमोरून जायचं टाळायचा. म्हणून त्या साली त्यानं मनावर घेतलं. कृषी केंद्रवाल्यानं सांगितलेली फळगळीवरची पावडर आणली, आधी स्पिरिटमध्ये विरघळवली, मग टाकीत ढवळली आणि सगळ्या बागेवर फवारा मारला. वहिनी पाईप ओढत मागे मागे. बाबा खाटेवरून म्हणाले, "झाडायले पावडर लावून नटवून राह्यला काय बे?"

"नटवून नाई बाबा. यानं देठ सुटत नाई. साल हिरवी राह्यते, फळ झाडावरच थांबते."

"थांबून करते काय?"

भाऊ हसला. बाबाही हसले, मग खोकत बसले.

फवारा लागू पडला, हे मात्र खरं. भादवा गेला, फळ गळलं नाही. भाऊ दर रविवारी मला मोबाईलवर फोटो पाठवायचा. हिरवीगार, तुकतुकीत, एकसारखी मोसंबी. आजूबाजूच्या बागा दसऱ्याच्या आसपास पिवळ्या पडल्या, तुटल्या, गाड्या भरून गेल्या. आमची तशीच. भाव पडलेला होता. भाऊ म्हणाला, दिवाळी होऊ दे, आणि पुन्हा एक फवारा मारला.

इकडे बाबा चमच्यावर आले. साखरेचं पाणी, पातळ पेज, तीही निम्मी बाहेर. मला बघितलं की विचारायचे, "तोड कधी हाय?" बाग कशी आहे, हे विचारत नसत. ती त्यांना खिडकीतून दिसतच होती.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. भावाला विहिरीकडे नेऊन बोलले, "तुले बाग दिसते, बाप दिसत नाई काय रे? कायची वाट पाहून राह्यला?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बापासाठीच करून राह्यलो ना बाई. दोन साल त्यायनं गळलेली बाग पाह्यली. औंदा भरलेली पाहू दे की जरा."

मग बाबांकडे गेले. म्हटलं, "बाबा, एक फळ कापते. बालाजी काही रागावत नाही. टोपली मागून नेऊ." बाबांनी डोळे मिटूनच मान हलवली. "देवाच्या आधी मी खाऊ? इतका मोठा झालो का मी?" मला त्या नेमाचा इतका संताप आला, आणि त्या माणसाचाही, की मी उठून गोठ्यामागे जाऊन रडले. आयुष्यभर दुसऱ्यांना फळ कापू दिलं नाही, आता स्वतःलाही देईना.

दिवाळीच्या आत एक व्यापारी येऊन गेला. त्यानं दोन-तीन झाडांची फळं हातात घेतली, तळव्यावर झेलून वजन अजमावलं. मग फोन करतो म्हणाला. त्याचा फोन आला नाही. भाऊ म्हणाला, भाव पाडायला बघतात हे लोक. आम्ही सगळ्यांनीच हो म्हटलं.

दिवाळी झाली आणि बाबांचा आवाज बसला. तेव्हा भाऊ घाबरला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तोड लावली. पहिली टोपली मोटारसायकलला बांधून माझ्या दारात आला, मी शाळेला सुट्टी टाकली. देवळात टोपली ठेवली. पुजाऱ्यांनी हळदकुंकू लावलं, "काय सुरेख फळ आहे," म्हणाले आणि दोन मोसंब्या प्रसाद म्हणून परत दिल्या. त्या ओटीत घेऊन मी भावाच्या मागे बसले. वाटेत तो एकदाच बोलला. "पोचतो ना आपण वेळेवर?"

बाबा जागे होते. कपाळाला अंगारा लावला तर म्हणाले, "पोचली का?" म्हटलं, "हाव, पोचली." त्यांनी तोंड थोडं उघडं ठेवलं, लहान मूल ठेवतं तसं.

वहिनीनं स्वयंपाकघरात प्रसादाची मोसंबी कापली. कापताना सुरी करकरली. आत फोडी होत्या, पण पांढऱ्या, कोरड्या, तांदळाच्या कण्यांसारख्या. पिळली तर बोट ओलं झालं, तेवढंच. दुसरी कापली, तीही तशीच. भाऊ बागेत धावला, या झाडाची, त्या झाडाची घेऊन आला. आम्ही तिघं जमिनीवर बसून कापत सुटलो. ओट्यावर, ताटात, परातीत अर्धुकं पडली, वरून हिरवीगार, आत भुसा. फळ मुदतीबाहेर झाडावर थांबलं होतं आणि झाडानं त्यातला रस परत ओढून घेतला होता. फवाऱ्यानं सालीला कळू दिलं नाही आणि नेमानं आम्हाला. एखादं जरी आधी कापलं असतं, तर दसऱ्यालाच समजलं असतं.

आतून बाबांचा बसका आवाज आला, "झाला का रस?"

भाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. मीच त्याला हलवलं. म्हटलं, "ऊठ, दुसरबीडला जा." काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी त्याला चिडवलं असतं. तो गेला आणि रस्त्यावरच्या गाडीवरून पिवळी, सुरकुतलेली, कुणाच्या तरी बागेतली मोसंबी घेऊन आला. वहिनीनं पिळली. पेला भरला.

मी बाबांना चमच्यानं दिला. पहिला चमचा त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. मग उतरला. मग दुसरा. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. देवाला आमची कोरडी मोसंबी आणि बापाला विकतची, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. भाऊ दारात उभा होता.

बाबांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. बोलायला त्रास होत होता, तरी बोलले. "मी तुले हसलो होतो. पण तुहा फवारा लागला बरं. असा रस आपल्या बागेले कधीच नव्हता."

भावानं मान खाली घातली.

"उरला तो तू पी," बाबा म्हणाले. "मेहनत तुही हाय. माह्यासमोर पी."

मी पेला पुढे केला. त्याचा हात येईना, तेव्हा मी त्याच्या हातात दिला. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यानं उभ्या उभ्या तो रिकामा केला.

"गोड हाय ना?"

"हाव बाबा," भाऊ म्हणाला. "गोड हाय."

स्वयंपाकघरात वहिनी परातीतली अर्धुकं आवाज न करता पोत्यात भरत होती.