आयच्या डब्याची तपासणी

कोंबड्यांना मूठभर दाणं टाकलं की शेजारच्यांच्याबी कोंबड्या पळत येतात बघा, तसंच या किश्श्यांचं हाये. एक सांगाय घेतला की बाकीचं आपसूक गोळा व्हतात. माझी शाळा तिसरीपतोर, पण परदेशातनं येणाऱ्या बोटींचं नियम मला तोंडपाठ हायेत! हसू नका गं. आधी ऐका.

*

माझा मिलिंद घाट उतरून खाली बंदरावर सिक्युरिटीला व्हता. बोट लागती त्या धक्क्याच्या गेटावर. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. तवा जगभर नवा कायदा आला व्हता. भायेरदेशाच्या बोटीपाशी बिगरपासाचं कुणी म्हंजी कुणी जाता कामा नये. मिलिंदची नोकरी टेम्परवारी. सायबाच्या परीक्षेत पास झाला तर पर्मनंट, नायतर घरी.

पयल्या परीक्षेला सायबानं मुद्दाम एक अनोळखी माणूस बिगरपासाचा धाडला. आपल्यात कुणी दारात आलं की पयलं काय विचारतात? गाव! मिलिंदनं बी पास सोडून गावच विचारलं. तो म्हणला, "लोणी."

लोणी म्हंजी मिलिंदच्या मामाचं गाव!

झालं! त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, च्या पाजला आन् ह्यो शहाणा त्याला बोटीच्या शिडीपतोर सोडून आला!

सायबानं बोलावलं. "पास का नाही मागितला?"

"सायेब, मामाच्या गावच्या पावण्याला कागद मागायचा?"

नापास! सायेब म्हणलं, "महिन्यानं परत परीक्षा. शेवटचा चान्स."

*

मग पोरगं आठ दिवस रजा काढून निमगावला घरी आलं, नियमांचं पुस्तक घेऊन. ओट्यावर बसून घोकायचं, "परदेशातनं बोट येणार असंल तर चार दिवस आधी कळवायचं. मागची धा बंदरं कुठली, ते सांगायचं. तिथं कोण चढलं, काय चढलं, ते बी सांगायचं."

मी म्हणलं, "नुसतं घोकून काय व्हतंय? वापरून बघ की!"

तेवढ्यात आमचं जावईबापू आलं, जयभीम घालत. त्यांची भीमाशंकरला भाविकांची जीप असती. लेक सुजाता आधीच म्हायेरी आलेली. मी दारातच हात आडवा लावला.

"जावईबापू, तुमी चार दिवस आधी कळवलं न्हाई. आता मागची धा गावं सांगा!"

"मामी, थेट भीमाशंकरवरनं आलो बघा."

मिलिंद वहीपेन घेऊन उभा. "दाजी, थेट चालत न्हाई. एकेक गाव सांगा."

जावई बोटं मोजत निघालं. तळेघर, डिंभं, घोडेगाव... मंचरपाशी गाडी अडखळली.

मी म्हणलं, "मंचरला काय चढलं?"

"काय न्हाई."

"शर्टावर बेसन कशाचं मग?"

डॉक्टरनं तेलकट बंद केलेलं! सुजाता आतनं उलथनं घेऊनच भायेर आली. जावई म्हणलं, "मामी, ह्यापरीस बोटीनं आलो असतो तर बरं झालं असतं!"

*

पुस्तकात धोक्याच्या तीन लेव्हल व्हत्या. एक, दोन, तीन. पोराच्या डोक्यात त्या काय बसंनात. दोनची तीनात, तीनची एकात.

मी म्हणलं, "अरं, तुझी बायको भांडी घासाय बसली की कान दे. भांडी नेमानं वाजत्यात, लेव्हल एक. आपटायला लागली, लेव्हल दोन."

"आन् तीन?"

"भांडी वाजायचीच बंद झाली, की तीन!"

सून मोरीतनं म्हणली, "आत्याबाई, आत्ता कितीवर हाये, सांगू का?"

पण पोरगं परत कदी चुकलं न्हाई. रजा संपल्यावर बंदरावर जाऊन सायबालाबी त्यानं हीच लेव्हल सांगितली. सायेब हसून हसून बेजार. म्हणलं, "परीक्षेच्या दिवशी आईला घेऊन ये. बघायचीय मला."

*

पण रजेतच अजून एक राह्यलं व्हतं. पिशव्या तपासायची प्रॅक्टिस. पोरानं घरातली एकूण एक पिशवी उपसली, जावयाच्या जीपची डिकी बी. मी आमचं चावीचं गजराचं घड्याळ भाकरीच्या डब्यात घातलं आन् डबा त्याच्या म्होरं ठेवला. त्यानं हातबी लावला न्हाई. थोड्या वेळानं डबा खणखणला आन् गडी ओट्यावरनं खाली!

"डबा का नाय उघडला रं?"

"आये, तुझा डबा काय तपासायचा?"

मी म्हणलं, "मिलिंद, हितंच तू परत नापास व्हशील बघ."

*

परीक्षेचा दिस. जावयानं मला जीपनं बंदरावर आणलं. सायेब गेटाच्या आत खुर्ची टाकून बसलेलं, मोठ्या मिशांचं. भायेर येऊन हळूच मला म्हणलं, "आजी, पास काढायचा नाही. डबा घ्या आन् सरळ आत चला. बघू सोडतोय का."

सायेब आन् मी गेटावर गेलो. दोरी आडवी, दोरीमागं मिलिंद. मी रडवेलं तोंड केलं. "मिलिंद, लेकरा, तुझ्यासाठी भाकरी आणलीय. पाय लई दुखत्यात रं. आत येऊन बसू दे."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता म्हणतंय, ये आये!

"आये," मिलिंद म्हणला, "पास?"

"न्हाई बाबा."

"मग दोरीच्या भायेरच थांब. आन् डबा उघड."

त्यानं भाकरी उचलली, ठेचा उचलला, आन् फडक्याखालनं घड्याळ खणखणाय लागलं! ते काय सायबानं सांगितलेलं नव्हतं. ते माझं व्हतं.

सायेब मिशांसकट रस्त्यापतोर पळालं! मिलिंद जागचा हलला न्हाई. गजर बंद केला आन् वरडला, "सायेब, भिऊ नका! आमच्या घरचं हाये. धा मिनिटं मागं चालतंय!"

सायेब घाम पुसत आलं. दोरी उचलाय लागलं. मिलिंदनं दोरी धरली.

"सायेब, पास?"

सायबाचा पास राह्यला आत, खुर्चीवरच्या टोपीत! म्हणलं, "तो काय तिथं दिसतोय. दे की आणून."

"गेट सोडून हलायचं न्हाई, असं पुस्तकात हाये सायेब."

मग काय! दुसरा शिपाई येईपतोर आमी दोघंबी दोरीच्या भायेर फूटपाथवर. मी भाकरी मोडून सायबाला दिली. सायबानं खाल्ली, बोटं पुसली, खिशातनं पर्मनंटचा कागद काढला आन् माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवून सही ठोकली. मग रुबाबात उठलं, दोरीपाशी गेलं आन् तो कागद मिलिंदला दाखवला.

मिलिंदनं तो नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आन् हात परत म्होरं केला.

"सायेब, पास?"