मखमली खोळीतली वायर

जिथे काही लोंबतं, तिथे कात्रीबाईंची कात्री पोचते, असं त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. पडद्याची कड जमिनीला टेकली, पिशवीचा बंद लांब झाला, कुणाच्या बाहीतून दोरा डोकावला, की बाईंचे हात शिवशिवायला लागत. कपडे आखूड-लांब करून देणं हा त्यांचा धंदा. त्यातलं लांब करणं त्या नाइलाजाने करत, आखूड करणं मात्र अगदी मनापासून. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या कोटाचा सुटलेला दोरा कधी कापला जाई, त्याला पत्ताही लागत नसे.

नवऱ्याचं बोलणंही त्या असंच कापायच्या. ते बसस्टँडवर माइकपुढे बसून घोषणा करत. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची छत्री सापडली. अख्खा स्टँड कान टवकारून त्यांचं ऐकायचा. गल्लीने त्यांचं नाव भोंगेकाका ठेवलं होतं. पण घरी आले, की त्यांचं वाक्य अर्ध्यात असतानाच बाईंचं उत्तर तयार. ‘कळलं मला तुमचं,’ असं म्हणून त्या मशीन सुरू करत. मग त्या बोलत आणि काका ऐकत. माणूस स्वभावाने इतका गरीब, की दिवसभर भोंग्यातून बोलून झाल्यावर घरी बोलायची त्यांना हौसही उरत नसावी, अशी बाईंनी आपली समजूत करून घेतली होती.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते टेबलावर बोटाने टकटक करत. एकदा केली की हो, दोनदा केली की नाही. उरलेलं सगळं हाताने, भुवयांनी आणि एका खास सुस्काऱ्याने.

घरात याची सवय झाली. माणसाला कशाचीही होते. पण एकदा दुपारी मशीनवर डोकं टेकून बाईंचा डोळा लागला आणि त्यांना स्वप्न पडलं. खोलीभर कापसाची म्हातारी उडावी तसे दोऱ्यांचे तुकडे तरंगत होते, उन्हात पिवळे दिसत होते. काका दारात उभे राहून काहीतरी म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून आवाज आला तो स्टँडवर काकांच्या जागी आता रेकॉर्ड लावतात, तिच्यातल्या बाईचा! अगदी तोच गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज. ‘चहा टाकतेस का? असुविधेबद्दल क्षमस्व.’

जाग आल्यावर बाईंना आधी हसू फुटलं. मग त्यांनी डोळे मिटून काकांचा खरा आवाज आठवून पाहिला. शब्द आठवले, लकब आठवली, खाकरणं आठवलं. आवाज काही येईना. इतकी वर्षं एका घरात राहून नवऱ्याचा आवाज आपण हरवून बसलो, असं त्यांच्या लक्षात आलं.

एक आशा होती. ऑपरेशनला जायच्या आधी बाईंनी काकांच्या हातात त्यांचाच जुना म्यूझिक प्लेअर कोंबला होता. स्टँडवर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते त्यावर गाणी ऐकत. त्यात रेकॉर्डिंगही व्हायचं. ‘काहीतरी बोलून ठेवा. काहीही. पण बोला,’ असा दम त्यांनी दिला होता, आणि काकांनी मान डोलावली होती. हॉस्पिटलच्या धावपळीत त्या प्लेअरचं इअरफोनचं भोक मोडलं आणि पडद्यावर काही दिसेनासं झालं. चार्जिंगला लावलं की एक हिरवा दिवा तेवढा लागायचा. नंतर तो दुरुस्त करून ऐकायचा धीर बाईंना झाला नाही. आज ना उद्या ऐकू, असं म्हणत त्यांनी तो बटणांच्या डब्यात ठेवून दिला होता.

त्यांनी भाचीला फोन लावला. भाची कॉम्प्युटरवर काम करणारी, बोलायला फटकळ पण मावशीवर जीव टाकणारी. सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली.

‘मावशी, भोक मोडू दे नाहीतर पडदा जाऊ दे. लॅपटॉपला जोडला की आतलं सगळं इकडे घेता येतं,’ ती म्हणाली. ‘वायर आहे ना याची? याचं तोंड वेगळं असतं, हल्लीची चालत नाही.’

‘आहे म्हणजे काय!’ बाईंनी वायर काढली. आखूडशी, आणि तिच्यावर निळ्या मखमलीची खोळ.

‘अय्या, वायरला फ्रॉक!’ भाची म्हणाली आणि बाई खूश झाल्या.

जोडला. हिरवा दिवा लागला. लॅपटॉप मात्र ढिम्म. भाचीने वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्लेअरचं बटण दाबून धरलं, सोडलं, परत धरलं. इंटरनेटवर कुणीकुणी दिलेले सल्ले वाचून काय काय उतरवून घेतलं. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत कापडांच्या ढिगावर आलं, तिथून मशीनवर चढलं. लॅपटॉपचं आपलं एकच, असं कुणी आलेलंच नाही.

‘अगं, दिवा लागतोय की,’ बाई म्हणाल्या. ‘दारात उभा आहे तो. याला दिसत कसा नाही?’

‘तेच तर. अंगात जीव आहे, पण ओळख देत नाही.’ भाचीने मान हलवली. मग जरा जपून म्हणाली, ‘मावशी, एकच उपाय राहिलाय. बटणांची एक युक्ती आहे, त्याने तो पार कोरा होतो. मग कदाचित ओळखेल.’

‘कोरा म्हणजे?’

‘आतलं सगळं पुसलं जाईल.’

‘मग ओळख घेऊन काय करू? लोणचं घालू?’ बाई ओरडल्या, आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. ‘मला यांचा आवाज आठवत नाही गं. काही केल्या आठवत नाही.’

ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच कुणापुढे बोलून दाखवली, आणि तीही काकांच्या देखत.  काका खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले. टेबलाशी येऊन त्यांनी प्लेअरला नाही, वायरला हात घातला. माइकच्या वायरी हाताळण्यात त्यांची हयात गेलेली. मखमलीवरून त्यांची बोटं हळूहळू सरकली आणि मधेच थांबली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, दोन बोटांची कात्री केली आणि हवेत कचकच चालवली.

बाईंचा चेहरा पडला.

‘कापलीस तू ही?’ भाचीने विचारलं.

‘लोंबत होती,’ बाई म्हणाल्या. ‘हे हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा पलंगापाशी सगळा पसारा होता. पायात यायची. म्हणून मधला तुकडा काढून टाकला आणि जोडली. दिवा लागत होता की! जोड दिसायला नको म्हणून वर खोळ घातली.’

‘आत तारा किती होत्या?’

‘चार. लाल आणि काळी जोडल्याबरोबर दिवा लागला. पांढरी आणि हिरवी जास्तीच्या होत्या.’

‘मावशी!’ भाचीने कपाळावर हात मारला. ‘लाल-काळीतून नुसती वीज जाते. बोलणं जातं ते पांढरी-हिरवीतून!’

काकांनी तो खास सुस्कारा सोडला. हसत होते ते.

बाईंनी चष्मा चढवला, बारीक कात्रीने खोळ उसवली. पांढरी आणि हिरवी आत दुमडून ठेवलेल्या होत्या, पण मुळाशी छाटलेल्या नव्हत्या. कापड बेतताना कडेला थोडी जास्तीची माया ठेवायची सवय हाताला, ती वायर कापतानाही सुटली नव्हती. नखाएवढं टोक दोन्हीकडे शिल्लक होतं. काकांनी ती सोलून दिली, बाईंनी पांढरीला पांढरी आणि हिरवीला हिरवी पीळ घालून जोडली, आणि प्रत्येकीला निराळी पट्टी गुंडाळली. असं एकमेकांच्या हातात हात घालून काम दोघांनी कधी केलं होतं, ते आठवावं लागलं असतं.

जोडला. लॅपटॉप टुणकन वाजला.

आत पुष्कळ गाणी होती आणि शेवटी एक रेकॉर्डिंग. भाचीने ते लावलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

मशीनची खडखड ऐकू आली. मग बाईंचाच आवाज. ‘त्या ठेंगूला सांगितलं, कोट नाही, माणूस बदलून आणा... अहो, टाचण्या कुठे ठेवल्या... डॉक्टर चांगला आहे म्हणतात, तुम्ही घाबरू नका, मी घाबरलेली नाही...’ मग तोंडात टाचण्या धरून बोललेलं काहीतरी. मग बोलता बोलता आलेला हुंदका, तो दाबायला जोरात चालवलेली मशीन. बडबड, बडबड, बडबड.

‘अहो, हे काय?’ बाई काकांवर उखडल्या. ‘तुम्हाला बोलायला सांगितलं होतं! माझंच काय भरून ठेवलंत?’

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

रेकॉर्डिंगमधली मशीन थांबली. ‘झोपलात का? ऐकताय ना?’ रेकॉर्डिंगमधल्या बाईंनी विचारलं.

आणि मग तो आला. भोंग्यातला नव्हे, घरातला. थोडा खरखरीत, थोडा दमलेला, खाली उतरत जाणारा. ‘ऐकतोय गं. तू बोलत राहा. हॉस्पिटलमध्ये ऐकायला भरून घेतोय.’

मशीन परत सुरू झाली.

ऊन आता भिंतीवर गेलं होतं. त्यात दोऱ्याचे बारीक तुकडे तरंगत होते, स्वप्नातल्यासारखे. बाई मुकाट्याने बसल्या होत्या. त्यांना असं बसलेलं भाचीने कधी पाहिलं नव्हतं.

‘मावशी,’ ती हलकेच म्हणाली, ‘काकांचं तेवढं वाक्य ठेवते. मागचंपुढचं कापून टाकू?’

‘खबरदार!’ कात्रीबाई म्हणाल्या. ‘काही कापायचं नाही.’

टेबलावर एकदाच टकटक झाली.