अर्धा दाबलेला ब्रेक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हाही एवढं सोडून बाकीचंच बोलत राहिले. आता का सांगते आहे — ते नीट माहीत नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते. मध्ये थांबले तर थांबू द्या.

बारामतीत आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. आमचं म्हणजे यांचं, माझ्या यजमानांचं. मूळचे पणदऱ्याचे, लोक विलासराव म्हणायचे, मी अर्थातच ‘अहो’. बाजारात निघालो की चार पावलांवर कुणीतरी गाडी थांबवून त्यांना नमस्कार करायचा — यांनी गाडी शिकवलेला असायचा तो. मी बी.एस्सी. झालेले. स्कूलच्या ऑफिसात बसून परवान्याचे अर्ज भरायचे. लग्नानंतर एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा ना. ते म्हणाले, “तुला कुठं जायाचंय?” टोमणा नव्हता हो तो. खरंच विचारलं होतं त्यांनी. आणि मी पुढचा अर्ज भरायला घेतला होता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं लवकर परतलं, हात बराच सुधारला. पाय मात्र मागे राहिला. चालायचे, पण पाऊल उचलायला क्षणभर उशीर व्हायचा. डॉक्टर म्हणाले, गाडी तूर्त नको. पाय चपळ झाला की बघू.

ब्रेकला उशीर होणाऱ्या पायानं कुणी गाडी शिकवायची? स्कूल बंद पडायची वेळ आली. तेव्हा त्यांनीच मला शिकवलं. पणदऱ्याच्या बाहेर मोकळ्या माळावर — ते शेजारी बसून, डावा पाय आडवा घालून शिक्षकाच्या बाजूच्या ब्रेकवर ठेवून. एकदाही आवाज चढवला नाही. क्लच सोडताना गाडी बंद पडली की म्हणायचे, “पडू दे. पुन्ना चालू कर.” एवढंच. हे लक्षात ठेवा. मला गाडी दिली ती त्यांनी.

पुढे पुरुषांसाठी एक पगारी शिक्षक ठेवला आणि बायकांना मी शिकवायला लागले. त्या काळात गावात बाई शिकवतेय म्हटल्यावर बायका यायला लागल्या. दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, शाळेतल्या बाई आल्या, एका व्यापाऱ्याची सून सासूला न सांगता आली. सगळ्या मला मॅडम म्हणायच्या. सकाळी गाडी बाहेर काढली, कोपर खिडकीत टेकवलं, की — कसं सांगू? घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी वहिनी. गाडीत मी फक्त गाडी चालवत होते.

त्या सुमारास माझे धाकटे दीर पुण्याहून एक कॉम्प्युटर घेऊन आले. कॉम्प्युटरच्या कंपनीतच होते ते. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता, टेबलाला अडकवायचं छोटं स्टिअरिंग होतं आणि खाली ठेवायची प्लॅस्टिकची पेडलं. दादाच्या पायाला व्यायाम होईल, म्हणाले. यांना आधी हसू आलं. मग ते खुर्चीवर बसले, आणि उठेनात. झटक्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना वेळेचं भान विसरलेलं पाहिलं.

प्लॅस्टिकची पेडलं मात्र टिकली नाहीत. त्यांचा पाय यायचा उशिरा आणि पडायचा सगळ्या वजनानिशी. ब्रेकचं पेडल मुळातून तुटलं. भाऊजींनी आणखी एक संच पाठवला, तोही गेला. तेव्हा हे म्हणाले, असलं खेळण्यातलं नको. पेडल लोखंडाचं पाहिजे, खऱ्या गाडीचं, आयुष्यभर पुरणारं.

म्हणून आम्ही इंदापूरला गेलो. हायवेला ट्रकची गॅरेजं आणि जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथं. गाडी मी चालवत होते, हे शेजारी. एका दुकानात जुन्या जीपची, टेम्पोची, ट्रॅक्टरची पेडलं ढिगानं पडली होती. त्यांनी स्टूल मागून घेतलं आणि एकेक पेडल पायाखाली ठेवून बघायला लागले. एक गंजलेलं म्हणून बाजूला. एकाची वेल्डिंग कच्ची. एक चांगलं होतं, पण आडवं हलायचं — म्हणाले, आज इतकंसं हलतंय, वर्षानं खुळखुळा होईल. शेवटी जीपची दोन पेडलं निवडली. सांध्यात पितळी बुश घालायला लावले, म्हणजे झिजणार नाहीत. स्प्रिंगचे दोन प्रकार होते, नरम आणि कडक. मला म्हणाले, तू दाबून बघ. मी कडक निवडली. अगदी मनापासून निवडली. माझ्या मनात तेव्हा काहीही नव्हतं. दुकानदारानं ती जाड पत्र्यावर बसवून दिली. दोघांनी उचलून डिकीत ठेवावी लागली, इतकी जड.

परतताना कळस गावाच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. ते म्हणाले, “हितनं मला दे.” मी दिली. छान चालवत होते. मग वळणावर मेंढरं आली, आणि ब्रेकला उशीर झाला. लागला, पण उशिरा. गाडी कळपात शिरून थांबली. एकाही मेंढराला लागलं नाही. धनगर काठी टेकून बघत राहिला आणि म्हणाला, “जरा दमानं, दादा.” हे उतरले आणि फिरून माझ्या बाजूला आले.

हा प्रसंग मी बरीच वर्षं वापरला. स्वतःशीच. मी जे केलं ते भीतीपोटी केलं — रस्त्यावर मेंढरांच्या जागी पोरं असती तर? बायको आहे मी, मला काळजी वाटणारच. कुणालाही पटेल, नाही? मलाही पटलं असतं. पण तसं नव्हतं.

भाऊजींनी येऊन, तुटलेल्या संचातल्या तारा लावून पेडलं कॉम्प्युटरला जोडली आणि मला एक काम शिकवलं. अधूनमधून कॉम्प्युटरला पेडलांची ओळख करून द्यावी लागायची. तो आधी सांगायचा, पेडल मोकळं सोडा. तुम्ही एक कळ दाबायची. मग सांगायचा, पूर्ण दाबा, पुन्हा कळ. म्हणजे मोकळं कुठं आणि पूर्ण कुठं हे त्याला कळायचं. यांना माउस जमत नव्हता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

यांनी स्वतःला एक परीक्षा घालून घेतली. खेळात डोंगरातला एक वळणांचा रस्ता होता. कुठंही न धडकता त्याची चक्कर पुरी करायची, आणि तीही रोज जमायला लागली की डॉक्टरांना विचारून गाडीत बसायचं. ते रोज बसायचे. लोखंडी पेडलांवर पाय पडल्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. सुधारत होते — आधी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकायचे, मग निम्म्यात, मग अगदी शेवटी. पाय खरोखर चपळ होत होता. मी बघत होते.

आणि एका दुपारी जेवताना ते म्हणाले, “दिवाळीनंतर तू आपली ऑफिसात बस. गाडीचं मी बघतो.”

सहज म्हणाले. मला बरं वाटेल म्हणून म्हणाले. धावपळ कमी होईल हिची, असं त्यांना वाटलं असणार.

मी त्यांना आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसले. पेडल मोकळं सोडा, असं आलं. मी वाकले, हातानं ब्रेक थोडा दाबून धरला — आणि कळ दाबली. म्हणजे थोडं दाबलेलं पेडल हेच कॉम्प्युटरला मोकळं वाटणार. त्यांचा पाय ब्रेकवर वेळेत पडणार, पण तेवढं अंतर फुकट जाणार. स्प्रिंग कडक होती, म्हणून मनगट दुखलं. तेवढंच आठवतं.

एकदाच केलं असतं तर — पण एकदाच नाही केलं. दर थोड्या दिवसांनी जरा जास्त दाबून धरत गेले. एकदम केलं असतं तर त्यांना कळलं असतं. हळूहळू केल्यामुळे त्यांना वाटलं, पाय परत जड होतोय. दिवाळीपर्यंत मी निम्म्यावर आणलं होतं. ते पुन्हा निम्म्या रस्त्यात धडकायला लागले, मग पहिल्या वळणावर. मालिश वाढवलं, सकाळचं चालणं वाढवलं. मी पायाला तेल लावून द्यायचे. याच हातांनी.

पेडलांवर त्यांना संशय आला नाही. येणार कसा? स्वतः पारखून आणलेली, लोखंडाची, पितळी बुशांची. ती दगा देणं शक्यच नव्हतं. मग उरला कोण? पाय.

एकदाच त्यांनी विचारलं. मी दारात उभी होते. मान वळवली नाही, पडद्याकडे बघतच म्हणाले, “ब्रेक उशिरा लागत न्हाय ना गं?”

मी म्हटलं, “मी कालच तपासलंय. बरोबर आहे.”

“मग माझंच,” ते म्हणाले.

पुढच्या काही दिवसांत त्यांनी बसणं बंद केलं. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, “न्हाय जमत आता.” डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, पाय चांगला आहे म्हणाले. यांनी मान हलवली, बरं वाटावं म्हणून सांगतायत असं समजून. घरी आल्यावर पाकिटातला परवाना काढून कपाटात ठेवला. स्कूलच्या पाटीवर माझं नाव घालायचं हेही त्यांनीच ठरवलं. रंगाऱ्याला सांगताना नावापुढे ‘सौ.’ घालायला विसरू नको म्हणाले.

यानंतरही तुम्हाला वाटेल — चुकली बाई, घाबरली होती, मोह झाला. मीही इथवर कधीमधी स्वतःला समजून घेऊ शकते. पण अजून राहिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी सुट्टीला आले. कॉम्प्युटर रखडत चालत होता, म्हणून त्यांनी सगळं पुसून खेळ नव्यानं बसवला. पेडलांची ओळख त्यांनीच करून दिली. ‘मोकळं सोडा’ म्हटल्यावर त्यांनी पेडल मोकळं सोडलं. मी बाहेरून क्लास संपवून आले होते. मला कळलं, आणि मी काही केलं नाही. करता येण्यासारखं काही नव्हतंच.

दोन दिवसांनी भाऊजी गेले. त्या संध्याकाळी, बऱ्याच महिन्यांनी, हे त्या खुर्चीवर बसले. का बसले कुणास ठाऊक. मी चहा घेऊन गेले तर चक्कर सुरू झालेली. वळण आलं, पाय पडला, गाडी थांबल्यासारखी हळू झाली आणि वळली. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. मी कपबशी हातात धरून उभी राहिले. ते कुठंही धडकले नाहीत. शेवटची रेषा ओलांडून गाडी पुढे निघून गेली आणि खेळातलं संगीत वाजायला लागलं.

ते पायाकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर — मी तो चेहरा सांगणार नाही.

म्हणाले, “भाऊनं खेळ सोपा करून दिला का गं?”

आता बघा. इथं मला कुणी भाग पाडत नव्हतं. भीती म्हणाल तर ती त्यांनी डोळ्यांसमोर खोटी ठरवली होती. पाय बरा होता. एक शब्द बोलायचा होता, ‘नाही’. बाकी कबूल न करताही तेवढा शब्द बोलता आला असता. ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले असते, परवाना कपाटातून निघाला असता.

मी म्हटलं, “हो. तुम्हाला जमावं म्हणून.”

“तरीच,” ते म्हणाले. हसले थोडं. कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा कधी लावला नाही.

मला तेव्हा काय वाटलं, असं विचाराल तर — काहीच नाही. चहा निवला होता. मी तो गरम करून आणला.

त्यानंतर ते बरीच वर्षं होते. पाय शेवटपर्यंत चांगला राहिला. कुठंही जायचं असलं की ते शेजारच्या सीटवर बसायचे आणि मी चालवायचे. कुणी भेटलं की सांगायचे, माझ्यापेक्षा ही चांगली चालवते. मी गिअर टाकायचे आणि गाडी पुढे काढायचे.