रक्तपेढीचा पासवर्ड

ती घटना मी विसरलेलो नाही. स्टेशन डायरीत तिची नोंद दोनच ओळींची आहे, आणि ती मीच अपुरी लिहिली.

परभणीतल्या एका खासगी रक्तपेढीचे व्यवस्थापक सकाळीच ठाण्यात आले. डेटाबेसचा अॅडमिन पासवर्ड कुणीतरी बदलला होता. रक्तदात्यांची यादी, पिशव्यांचा साठा, काहीच उघडेना. दोन दिवसांपूर्वी रजेवरून त्यांचं ऑपरेटरशी वाजलं होतं. शिपायानंही खबर दिली, "भांडणानंतर त्यो एकटाच कॉम्प्युटरपुढं बसला होता."

मला एवढं पुरलं. ऑपरेटर पेडगावचा. त्याला आणून बाकावर बसवलं, मोबाईल काढून घेतला.

"पासवर्ड बोल, न्हाईतर नोकरी गेलीच समज."

"ठाऊक असता तर इथं कशाला बसलो असतो, साहेब? मोठ्या मॅडमला इचारा. त्यांच्याकडं बी असतोय."

मॅडम म्हणजे पेढीच्या वरिष्ठ तंत्रज्ञ. त्या रजा घेऊन चारठाण्याला माहेरी गेल्या होत्या. मी फोन लावला. "पोलीस ठाण्यातून बोलतोय. रक्तपेढीचा पासवर्ड..." फोन कट. पुन्हा लावला. "लाज न्हाई वाटत का, पोलिसांचं नाव घेऊन लोकांला फसवायला?" पुन्हा कट.

शेवटी जीप काढून चारठाणा गाठलं. मी वर्दीत असूनही बाईंनी दारातच ओळखपत्र मागितलं. फोटो पाहिला, मला पाहिलं आणि हसल्या.

"अगं बाई, तुमीच का! मागच्या आठवड्यात सायबर फसवणुकीच्या कार्यक्रमात भाषण करून तुमीच सांगितलं न्हाई का, पासवर्ड बदला, कुणाला सांगू नका, फोनवर पोलीस म्हणला तरी? मी रजेवर निघताना बदलला. कुणालाच न्हाई सांगितला!"

माझा हवालदार तोंड फिरवून जीपकडं गेला.

बाई आमच्यासोबत परभणीला आल्या आणि आम्हा सगळ्यांना पाठमोरं उभं करून त्यांनी पासवर्ड टाकला. ऑपरेटरची नोकरी वाचली. मी मात्र डायरीत 'गैरसमजातून तक्रार' एवढंच लिहिलं. जिल्ह्यात हसं होईल म्हणून माझ्या भाषणाचं नाव काढलं नाही. दिवसभर बसवलेल्या माणसाला मोबाईल परत देत "जा आता" म्हणालो, बस्स.

खबर मिळाली की चौकशी संपली असं मानू नये, हे तेव्हाच शिकलो. माफी मागायला मात्र निवृत्ती उजाडली. त्याच पेढीत रक्तदानाला गेलो, तर नोंद घ्यायला तोच ऑपरेटर.

"त्या दिवशीची चूक माझी होती," मी म्हणालो. "भाषणाची गोष्ट तुझ्यापासून लपवली."

तो टाइप करतच राहिला. "मॅडमनं तवाच सगळ्या स्टाफला सांगितलं, साहेब. तुमी कधी सांगता तेवढंच बघायलो होतो. घ्या, बाही वर करा."

नोकरीत मी शेकडो कबुलीजबाब घेतले. दिल्यावर किती हलकं वाटतं, ते त्या खुर्चीत कळलं.