महादेवीची खिडकी

भांडेवाल्याच्या बायकोला भांड्यांचा वीट यावा, हे कोल्हापुरात कुणाला पटणार? महादेवीला मात्र आला, आणि चांगलाच आला.

कागलातून लग्न होऊन ती शुक्रवार पेठेत आली तेव्हा स्वयंपाकघरात एकच फळी होती. नवरा शशिधर याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. धनत्रयोदशीला घरात नवं भांडं आलंच पाहिजे, हा सासरचा रिवाज. आता शशिधर पडला पक्का व्यापारी! दुकानात पोचा आलेलं, कुणी न घेतलेलं, तेच मुहूर्तावर घरी यायचं. कधी डब्यांचा संच, कधी पिंप, एकदा तर इडलीचं असलं पात्र की अख्ख्या पेठेचा नाष्टा निघावा. वीस वर्षांत फळ्या चढत चढत छताला भिडल्या. जेवणारी माणसं तीन, नवरा-बायको आणि लेक. पण दसरा आला की सगळं खाली उतरवायचं, घासायचं, पुसायचं, परत चढवायचं, ते एकट्या महादेवीनं.

शहाण्णव सालच्या दसऱ्याआधी फळ्यांना वाळवी लागली. सुतारानं त्या काढल्या आणि मागं खिडकी निघाली. नवी नवरी असताना ह्याच खिडकीत उभी राहून ती शेजारचा शेवगा बघायची, माहेर आठवून रडायची. फळ्या आल्या तशी ती खिडकी विसरूनच गेली, आणि भरदिवसा बल्ब लावून भाकऱ्या थापत राहिली. त्या दुपारी तिनं उन्हात बसून भाकरी खाल्ली. मग सुताराला सांगितलं, फळ्या परत मारायच्या न्हाईत.

एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. मोठी पातेली, पिंपं कळंब्याकडच्या मठात गेली, तिथं रोज पंगत उठते. डबे, ताटं गल्लीतल्या बायकांनी नेली. तिघांपुरतं आणि आल्यागेल्याला दोन ताटं एवढंच तिनं मागं ठेवलं.

शशिधर चांगलाच भडकला. म्हणाला, भांडेवाल्याचंच घर रिकामं दिसलं तर लोक म्हणतील दुकान बसलं. नणंद शिवलीला पेठ वडगावहून मुद्दाम आली आणि आगीत तेल ओतून गेली. त्यात एकदा चार पावणं आलं, ताटं कमी पडली. महादेवी खुशाल शेजारच्या धोंडुबाईकडून दोन मागून घेऊन आली. त्यांवर शशिधरचंच नाव कोरलेलं! बिचाऱ्याला घास गिळेना. पावणं गेल्यावर त्यानं जाहीर केलं, धनत्रयोदशीला भांडंबी येणार आणि फळीबी बसणार.

महादेवी हातातलं काम ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "वीस वर्षांत तुमच्याकडं काय मागितलं न्हाय. आता एवढा उजेड मागतोय. त्यो झाकला, तर त्या अंधारात भाकरी तुम्ही थापायची."

बोलून गेली खरी, पण आतून भ्यालेली होती. माणूस हट्टी, त्यात दुकानाच्या अब्रूचा प्रश्न. खिडकीची कडी गंजून मोडली होती. ती रोज सुतळीनं दार बांधायची, वाऱ्यानं ते सुटायचं, धाडधाड आदळायचं आणि शशिधर करवादायचा.

धनत्रयोदशीला तो दुकानातून आला तो हातात कागदाचं पुडकं घेऊनच.  महादेवी जाऊन खिडकीला पाठ लावून उभी राहिली. शशिधरनं पुडकं तिच्या हातात दिलं. आत पितळेची नवी कडी होती, चार स्क्रूंसकट.

"हे भांडं न्हाय," ती म्हणाली.

"धातू हाय की," तो खाली बघत म्हणाला. "मुहूर्ताला चालतंय. बसवून घे, दार आदळाय नको."

महादेवीला रडूच फुटलं. डोळे पुसत तिनं तिथल्या तिथं कडी बसवली.

त्यानंतर दहा दिवाळ्या झाल्या, घरात भांडं आलं नाही. दसऱ्याची घासपूस आता दुपारच्या आत उरकते. शेवटी ती कडी चिंच लावून लख्ख करते, आणि खिडकी उघडून जेवायला बसते.